चाक मध्यावर ठेवावं

कोच्कोर, ११ जून

कलिपा,

मी गाय पिळून आत आले तेव्हा हे अजून उठायचे होते. समोवारखाली काटक्या सरकवल्या, कालचा नान ओलसर फडक्यात गुंडाळला, कोंबड्या सोडल्या. मग साबणानं दोनदा हात धुतले आणि ते पूर्ण वाळेपर्यंत खिडकीतल्या उन्हात धरून बसले. मांडीवर धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा आणि पंच्यावर कॅमेरा. मार्चमधला सोमवार होता. आदल्या दिवशी तुम्ही दोघं कुठल्या तरी लग्नाला जाऊन आला होतात. पट्ट्याच्या बकलात बोर्सोकच्या तळलेल्या पिठाचा कण अडकला होता आणि झाकणाच्या खाचेत घोड्याचा एक केस. केस चिमट्यानं काढला. रबरी फुग्यानं काचेवर हवा मारली. डोळा लावायच्या भिंगाशेजारचं ते बारीक चाक नेहमीसारखंच सरकलेलं होतं, ते फिरवून मध्यावर आणलं. तेवढ्यात हे दाराची चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बघ गं, काही डाग आहे का."

मी म्हटलं, "देवानं डोळे तुम्हालाही दिलेत."

हे हसले आणि चहाला बसले. त्यानंतर महिन्याभरात सगळं संपलं.

हे तुला सांगायचं कारण असं की काल ट्रक घेऊन बाकास आला. घोडीच्या दुधाच्या कुमिसची पिंपं उतरवता उतरवता म्हणाला, "तुमच्या नणंदेनं विचारलंय, कॅमेऱ्याची निगा कशी राखायची. आणखीही काहीतरी विचारलं होतं, पण माझ्या डोक्यात ट्रकचं इंजिन आहे, तुमचा कॅमेरा त्यात मावत नाही." तर यापुढे कागदावर लिहून दे. सोनकुलला टेलिफोन लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण पेन तर चालतं.

नऊ वर्षं तू यांच्याबरोबर हिंडलीस. कुठून उजेड घ्यायचा, नवरीचा बुरखा उचलायच्या आधी बोट कुठं ठेवायचं, सगळं यांनी तुला शिकवलं. निगा शिकवली नाही, कारण ती यांना येतच नव्हती. ती मी करायचे. कॅमेऱ्याबरोबर आलेली रशियन पुस्तिका यांनी टेबलाच्या पायाखाली घातली होती. मी ती काढून घेतली आणि वाचनालयातला कोश शेजारी ठेवून दोन हिवाळ्यांत वाचली. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला तेवढा वेळ लागणारच.

तर ऐक. फुंकर तोंडानं मारायची नाही, तोंडातून थुंकी उडते. लेन्स बदलायची तर आधी कॅमेरा बंद, पाठ वाऱ्याकडे, आणि त्याचं उघडं तोंड जमिनीकडे. आतल्या आरशाला बोट लावायचं नाही, फडकंही नाही. जास्तीची बॅटरी सदऱ्याच्या आत अंगाशी ठेवायची, थंडीत ती अर्ध्या वेळात मरते. कार्ड रिकामं करायचं ते कॅमेऱ्यातूनच. आणि कॅमेरा नमद्यात गुंडाळू नकोस. तुझी आई प्रत्येक मोलाची वस्तू नमद्यात गुंडाळते, पण लोकरीचे तंतू काचेवर चिकटले की फोटोत अळ्यांसारखे दिसतात. सुती कापड घे.

ते बारीक चाक मध्यावर ठेवावं. तुम्ही कुठल्याही लग्नाहून आलात की ते मला सरकलेलं सापडायचं.

यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तुझ्या हातात कॅमेरा देताना सगळ्यांसमोर मी जे बोलले ते अजून तसंच आहे. यांची इच्छा होती म्हणून दिला. सतरा ऑगस्टला तळ्यावर घोड्यांचे खेळ आहेत, जिल्ह्याच्या दिनदर्शिकेचे फोटो तू काढायचेत. यांच्या नावाला शोभतील असे आले तर कॅमेरा तुझा. नाहीतर परत आणून द्यायचा. माझ्या कपाटात जागा आहे.

बुरुलचा


सोनकुल, १९ जून

बुरुलचा वहिनी, सलाम.

तुमचं पत्र बाकासनं बुटात घालून आणलं. म्हणाला, खिशाला भोक आहे. वास गेला नाही अजून, पण प्रत्येक शब्द वाचता आला.

आईनं कॅमेरा खरंच नमद्यात गुंडाळून ठेवला होता. तुम्हाला इतक्या लांबून कसं दिसलं? मी काढून घेतला तर म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या वस्तूला उघडं झोपवतेस?" आता उशीच्या अभ्र्यात ठेवते. बॅटरी अंगाशी ठेवते. लेन्स तुम्ही सांगता तशीच बदलते. घोडीच्या आडोशाला उभी राहते, वारा तिच्या पाठीला लागतो.

पण वहिनी, बाकासकडे मी जे विचारलं होतं आणि तो विसरला, ते हे. फोटो नीट येत नाहीत. दुपारी गवताचे, मेंढ्यांचे काढले तर दुधात पाणी घातल्यासारखे फिके. संध्याकाळी यर्टच्या तंबूत कंदील लावला की कंदिलाभोवती मोठं कडं येतं आणि माणसांचे चेहरे त्यात विरघळतात. पुढची काच मी पुसली, स्वच्छ आहे. मागच्या बाजूला फडक्याचं टोक हलकेच टेकवलं, तर फडक्यावर पिवळसर डाग आला. त्याला आर्चाच्या लाकडाचा वास येत होता. इथं तर आम्ही शेणीच जाळतो.

मला वाटतं, दोष काचेचा नाही, माझा आहे. दादा शेजारी उभे असायचे तेव्हा असं कधी झालं नाही.

आणि त्या चाकाबद्दल रागावू नका. मध्यावर ठेवलं की मला समोरचं धूसर दिसतं. दोन खाचा डावीकडे घेतलं की स्पष्ट होतं. म्हणून ते सरकलेलं असायचं. दादाही म्हणायचे, राहू दे तसंच.

गेल्या गुरुवारी दादांच्या नावानं बोर्सोक तळले. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचला असेल.

तुमची कलिपा


कोच्कोर, २७ जून

कलिपा,

बाकासला म्हणावं, बूट बदल.

फिके फोटो आणि कंदिलाभोवती कडं यांची कारणं पुस्तिकेच्या त्र्याण्णवाव्या पानावर आहेत. पहिलं कारण बाष्प. तुम्ही तळ्यावरच्या गारठ्यातून थेट चुलीच्या उबेत येता. थंड काच गरम हवेत आली की तिला घाम सुटतो, आतूनसुद्धा. म्हणून आत येण्याआधी, बाहेर असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. आत आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नकोस. घाम पिशवीला सुटेल, काचेला नाही. बुटांच्या खोक्यात त्या दाणेदार पुड्या मिळतात, त्या गोळा करून पिशवीत टाक. दुसरं कारण, सूर्य समोरून येत असेल तर लेन्सच्या तोंडावर ती काळी वाटी चढवायची, किंवा टोपीनं सावली करायची.

पिवळा डाग धुराचा असणार. यर्टमध्ये धूर असतोच. शेणीत एखादी आर्चाची फांदी गेली असेल.

चाकाचं कळलं. म्हणजे नऊ वर्षं दर सोमवारी मी जे मध्यावर आणत होते, ते तुझ्या डोळ्यासाठी सरकवलेलं होतं. बॅगेत घासून सरकतं, असं मी समजत होते. एकदा यांना म्हटलंही, चांगली बॅग घ्या, चाक सरकतं. हे म्हणाले, "सरकू दे, तू आहेस ना." आता कळतं की तुम्ही दोघं त्या भिंगातून आळीपाळीनं बघत होतात. मला यांनी एकदाही म्हटलं नाही, बुरुलचा, डोळा लाव. मी डाग बघायचे. काचेच्या पलीकडं काय आहे ते बघायचं काम माझं नव्हतं.

एक विचारते, खरं सांग. गाडी तू का चालवायचीस? पहिली पाच-सहा वर्षं हेच चालवायचे. मग एक दिवस तू स्टिअरिंगवर आणि हे शेजारी, पाय ताणून. सगळं गाव बघत होतं. शेजारची उल्कान मला पाणवठ्यावर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला आता ड्रायव्हर लागतो काय, मंत्री झाला की काय." मी हसले आणि घरी येऊन पीठ इतकं मळलं की नान दगड झाला. चुलत बहीण आहेस त्यांची, वाईट काही माझ्या मनात आलं नाही. पण तीन-तीन तासांच्या वाटेत तुम्ही काय बोलायचात? घरी तर हे चहाच्या वाटीकडं बघत बसायचे.

बुरुलचा


सोनकुल, ८ जुलै

वहिनी, सलाम.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. पिशवीत बांधून अर्धा तास ठेवते, तोवर आई आणि काकू माझी चेष्टा करतात. "कलिपाचं दही विरजलं का बघा गं." दाणेदार पुड्या मिळाल्या नाहीत, त्याऐवजी तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ चिंधीत बांधून ठेवलं. चूक असेल तर सांगा.

फोटो तसेच येतात.

रविवारी पलीकडच्या तळावर साखरपुडा होता. मुलीच्या कानात सासूनं डूल घातले, तो क्षण मी टिपला. दादांनी शिकवलं होतं तसं, सासूच्या हाताकडं नाही, मुलीच्या मानेकडं बघून. क्षण बरोबर होता वहिनी, मला ठाऊक आहे. पण पडद्यावर बघितलं तर मुलीच्या गालावर धुकं आणि डुलाच्या जागी नुसता पांढरा ठिपका. मुलीच्या मावशीनं मान वाकवून पाहिलं आणि दादांचं नाव घेऊन म्हणाली, "शायलोबेक गेला तो आपला हात घेऊनच गेला." मला कुमिसची वाटी दिली, वाटी भरलेली दिली, म्हणजे लवकर निघा असं.

गाडीचं विचारलंत. दादा थकलेले असायचे. झोपायचे वाटेत. बोलणं विशेष काही नसायचं. मेंढ्या, पाऊसपाणी, कुणाचं लग्न कुणाशी.

वहिनी, अजून चाळीस दिवस आहेत. पण मला नाही वाटत जमेल. सोबत कुरुतची, दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांची पिशवी पाठवते आहे, आंबट आहेत, तुम्हाला आवडतात तशा.

कलिपा


कोच्कोर, २ ऑगस्ट

कलिपा,

महिनाभर लिहिलं नाही. बाकास तीनदा येऊन गेला, तीनदा विचारलं, "चिठ्ठी?" आणि तीनदा मी म्हटलं, वेळ नाही. गवत कापायचं होतं, पण वेळ होता.

काल तो म्हणाला, "तुमच्या नणंदेनं फोटो काढणं सोडलं. कॅमेरा पाहुण्यांच्या रजयांच्या ढिगावर, सगळ्यात वर चढवलाय. खाली उतरवतच नाही. दिवसभर नमदा लाटत बसते."

मला आधी बरं वाटलं. लपवत नाही. मनात म्हटलं, सतराला येईल, कपाटात जागा केलेलीच आहे. मग चहा ओतताना यांच्या जागेकडं माझी नजर गेली आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

फडक्यावरचा पिवळा डाग मी केला आहे.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी घरात सगळे रडून थकून झोपले होते. दुपारची वेळ होती. मी कॅमेरा पंच्यावर घेतला, लेन्स काढली, दोन्ही तोंडं उघडी ठेवली. पळीत निखारे घेतले, त्यावर आर्चाची ओली फांदी घातली आणि 'अलास, अलास' म्हणत आतबाहेर धुरी दिली. पुष्कळ वेळ दिली. पाळण्याला देतात, आजाऱ्याच्या अंथरुणाला देतात, तशी. विचारलं असतं कुणी तर म्हटलं असतं, गेलेल्याची ओढ कलिपाच्या मागं लागू नये म्हणून. खरं ते नव्हतं. यांच्यातलं जे काही त्या पेटीत राहिलं असेल ते तुझ्याकडं जाऊ नये, इथं माझ्या घरात बाहेर पडावं, असं मला वाटत होतं. पेटी घेऊन जा, पण रिकामी ने.

पुस्तिका दोन हिवाळे वाचलेली बाई मी. ओल्या आर्चाच्या धुरात डिंक असतो, तो काचेवर बसतो, हे मला कळायला हवं होतं. त्या दिवशी कळलं नाही. तुझं जूनचं पत्र वाचताच मात्र कळलं. तरी मी तुला बाष्पाचं पान लिहून पाठवलं. पान खरं आहे, तुला पुढं उपयोगी पडेल. पण तुझ्या फोटोतलं धुकं त्याचं नव्हतं.

उपाय सोपा आहे. औषधाच्या दुकानातलं शुद्ध स्पिरिट, दोन थेंब, काचेवर नाही तर कापडावर. कापड जुन्या धुतलेल्या सदऱ्याचं. लेन्सची मागची काच मध्यापासून कडेकडं गोल फिरवत पुसायची, दर वेळी कापडाची नवी जागा. आरशाला आणि त्याच्या मागं काही करायचं नाही, तिथं फक्त फुगा. भाजलेलं मीठ काढून टाक, ते धातू खातं.

तुझा हात कुणी नेलेला नाही. त्या मावशीला माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

बुरुलचा


सोनकुल, ९ ऑगस्ट

वहिनी,

बाकासच्या हाती कॅमेरा परत पाठवते आहे. उशीच्या अभ्र्यात आहे, मीठ काढून टाकलं आहे. मी रागावलेली नाही. बाकासला विचारा, तुमचं पत्र वाचून मी हसले, इतकी की आई धावत आली. तीन महिने मला वाटत होतं की दादा नाहीत म्हणून मला दिसेनासं झालं. आणि ती आर्चा होती.

तरी पाठवते आहे, कारण इथं स्पिरिट नाही, वोडका आहे. वोडकानं पुसायची माझी हिंमत नाही. आणि दुसरं कारण असं की तुम्ही खरं लिहिलंत आणि मी जुलैच्या पत्रात खोटं लिहिलं. मनात खोट ठेवून ती वस्तू मला धरवत नाही.

दादांनी माझ्या हातात नान देऊन शपथ घ्यायला लावली होती की बुरुलचाला सांगणार नाहीस. नानची शपथ मोडते आहे. त्याचं काय व्हायचं ते माझं होवो.

शेवटची तीन वर्षं दादांना नीट दिसत नव्हतं, वहिनी. साखरेच्या दुखण्यानं डोळ्यांत रक्त उतरलं होतं. आधी उजवा डोळा गेला, मग डावाही धुरकट झाला. माणूस कुठं उभा आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही. म्हणून गाडी मी चालवायची. म्हणून ते चाक माझ्या डोळ्याला लावलेलं असायचं. आळीपाळीनं आम्ही बघत नव्हतो. त्यांनी भिंगाला डोळा लावणं कधीच सोडून दिलं होतं. ते माझ्या खांद्यामागं उभं राहून ऐकायचे. बायकांचा आवाज एकदम थांबला की म्हणायचे, "आता." आणि मी बटण दाबायची. सांस्कृतिक भवनाच्या भिंतीवर त्यांच्या नावाचे बारा फोटो आहेत ना, त्यातले आठ मी काढलेत. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर पुन्हा खोटं होईल. त्या भिंतीपुढं उभं राहून लोक म्हणायचे, वा शायलोबेक, आणि मी ट्रायपॉडची पिशवी धरून मागं उभी असायची. जळायची मी.

वाटेत आम्ही काय बोलायचो ते विचारलंत. झोपायचे नाहीत ते. तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, "घरात ती आहे तोवर मला भीती नाही. दर सोमवारी सकाळी कॅमेरा तिच्यापुढं असतो. घोड्याचा एक केस सुटत नाही तिच्या नजरेतून. ती स्वच्छ म्हणाली की मी स्वच्छ म्हणतो." मी एकदा म्हटलं, मग वहिनीला सांगून टाका. तर म्हणाले, "सांगितलं तर ती मला घरी बसवेल, चांगल्यासाठीच बसवेल. मग मी सकाळी उठून काय करू?"

मला ते फक्त "आता" म्हणायचे. विचारायचे तुम्हाला.

सतराला खेळ आहेत. जिल्ह्याच्या माणसाला मी अजून नाही म्हटलेलं नाही. तुम्ही ठरवाल तसं.

कलिपा


कोच्कोर, १३ ऑगस्ट

कलिपा,

मंगळवारी दुपारी बाकासनं अभ्रा आणि पत्र दोन्ही दिलं. ट्रकमध्ये त्यानं अभ्रा मांडीवर ठेवला होता म्हणे, "बायको बाळंत झाली तेव्हाही इतका सावकाश चालवला नव्हता." चहा प्यायला आणि गेला. मी पायरीवर बसून पत्र वाचलं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं.

तुझी शपथ तुला बाधणार नाही. त्यांनी ती घ्यायला लावली, तेव्हा तिचं काय व्हायचं ते त्यांच्याकडं. मी गुरुवारी बोर्सोक तळताना बोलेन त्यांच्याशी. बोलायचं बरंच आहे.

तीन वर्षं मी त्या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवले. हे चहा वाटीबाहेर सांडायचे, तेव्हा मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुमचं. बूट उलटसुलट घालायचे, तेव्हा मी हसायचे. कोंबडीला अडखळायचे, तेव्हा मी कोंबडीला शिव्या दिल्या. मार्चमधल्या त्या सोमवारी दाराची चौकट धरून उभे होते, आणि मी काय म्हटलं ते तुला पहिल्याच पत्रात लिहून पाठवलं आहे. तू ते वाचलंस आणि गप्प राहिलीस. त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे मला कळत नाही, आणि गप्प राहिलीस म्हणून रागही येतो.

हेवा गेला का, विचारशील तर नाही गेला. तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे मला अजून टोचतं. आवाज थांबल्यावर हे "आता" म्हणायचे, ते मी एकदाही ऐकलेलं नाही. ते तुझ्याकडं आहे आणि त्याला धुरी देऊन काही उपयोग नाही, एवढं मला कळलं. माझ्याकडं 'बघ गं' आहे. ते तू मागू नकोस, मी 'आता' मागत नाही.

भवनातल्या भिंतीचं तू ठरव. मी कुणाला काही सांगणार नाही, आणि तू सांगितलंस तर नाही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पिळली, समोवार लावला, कोंबड्या सोडल्या. औषधाचं दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले आणि स्पिरिट आणलं. हात धुतले, वाळवले. पंच्यावर कॅमेरा घेतला, यांच्या निळ्या सदऱ्याची बाही कापून तिनं लेन्सची मागची काच पुसली. चौथ्या तुकड्यावर डाग यायचा थांबला. आत फुगा मारला. बॅटरी भरून घेतली. मग पहिल्यांदाच डोळा भिंगाला लावला. खिडकी, समोवार, यांची वाटी, सगळं धूसर होतं, कारण चाक दोन खाचा डावीकडं होतं. ते तसंच ठेवलं. सुती कापडात गुंडाळून या पत्राबरोबर बाकासच्या हाती देते आहे.

बुरुलचा